लहान ओट्याची सबब

शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचा विषय निघाला की शहरातल्या घरांत तो बहुतेक एकाच वाक्यापाशी संपतो: आपलं स्वयंपाकघर केवढंसं, त्यात बारा माणसांचं साग्रसंगीत जेवण कसं होणार? मग पर्याय पुढे येतात. हॉटेलातून मागवा, नुसती पावभाजी ठेवा, चहा-फराळावर भागवा. घरसजावटीचे आणि पाहुणचाराचे सल्ले देणारेही हेच सांगतात की जागा कमी असेल तर पदार्थ कमी करा, माणसं कमी करा. ऐकायला हा सल्ला व्यवहारी वाटतो, पण तो चुकीच्या गृहीतावर उभा आहे. त्याचा परिणाम असा की एकाच मजल्यावर दहा-दहा वर्षं राहणाऱ्या घरांनी एकमेकांच्या हातची आमटी चाखलेली नसते.

आधी जागेचा मुद्दा घेऊ, कारण सगळा डोलारा त्याच्यावर आहे.

मुंबईतल्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या या चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. झोपणं, अभ्यास, मोरी, चूल किंवा स्टोव्ह, सगळं त्या एका खोलीत. त्याच खोल्यांतून बारशी झाली, साखरपुडे झाले, गणपतीत दीड दिवसाला पंगती उठल्या. 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या नव्या इमारतींमधल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या रहिवाशांच्या हाती आल्या. घर तिपटीहून मोठं झालं. पंगतीचा संबंध फक्त चौरस फुटांशी असता, तर आज चाळींपेक्षा टॉवरमध्ये जास्त पंगती बसायला हव्या होत्या.

देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जेवायची जागा वेगळी असेल, तर स्वयंपाकघर किमान 5 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 54 चौरस फुटांचं असावं लागतं. एक बीएचकेत राहणाऱ्या कुटुंबाला याहून फार मोठं काही मिळत नाही. आता या आकड्याशेजारी दुसरा ठेवावा. 1926 मध्ये व्हिएन्नाच्या वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. ते 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब होतं, म्हणजे जेमतेम 70 चौरस फूट. त्याचा नमुना त्यांनी आगगाडीच्या डायनिंग कारवरून घेतला होता, कारण चिंचोळ्या जागेतून शेकडो माणसांना जेवू घालण्याची विद्या तिथे आधीच सिद्ध झाली होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली आणि आज जगभर दिसणारं फिटेड किचन त्यातूनच आलं. मराठी माणसाला हे पटायला फ्रँकफर्टपर्यंत जायचीही गरज नाही. 1930 मध्ये सुरू झालेल्या डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमधून ऑम्लेट, कटलेट आणि चीज टोस्ट धावत्या गाडीत टेबलावर येतात, ते काही प्रशस्त स्वयंपाकघरातून येत नाहीत.

फ्रँकफर्टच्या त्या स्वयंपाकघराचा एक दोषही इथे सांगायला हवा, कारण तो आपल्या फ्लॅटमध्येही शिरला आहे. तिथे एकच माणूस उभा राहू शकत होता. त्यामुळे बाई घरापासून तुटून एकटी पडते, अशी टीका पुढे स्त्रीवाद्यांनी केली आणि ती रास्त होती. आपल्याकडेही ओटा आला तसं काम उंचावर आणि एका भिंतीशी गेलं. त्याआधी कामाची जागा म्हणजे अख्खी जमीन होती. विळीवर बसून भाजी चिरणं, परातीत कणीक तिंबणं, पाटा-वरवंटा, पोळपाट, सगळं खाली बसून व्हायचं आणि चार जणी गोलाकार बसून ते करायच्या. चाळीत तर खोली पुरली नाही की भाजी निवडायला गॅलरी होतीच. आजचं स्वयंपाकघर अपुरं वाटतं, याचं मोठं कारण म्हणजे ओट्याबाहेरची जागा आपण कामाची मानत नाही. बारा माणसांची भाजी चिरायला हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून दोघं बसले, तर ओटा फक्त शिजवायला मोकळा राहतो. शिजवायला दोन शेगड्या पुरतात. कशा, ते पुढे येईल.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. तो म्हणतो की एकामागून एक पदार्थ गरमागरम आणायचे, तर आत एक आचारी आणि बाहेर एक वाढपी लागतोच. लहान घराला ते झेपत नाही. ही कल्पना घेतली आहे हॉटेलातून आणि सिनेमातून: आधी सूप, मग स्टार्टर, मग मुख्य जेवण, मग डेझर्ट, प्रत्येक टप्प्याला नवी बशी. पण पदार्थ असे एकेक करून आणण्याची रीत युरोपातही फार जुनी नाही. फ्रेंच मेजवानीत पूर्वी पुष्कळ पदार्थ एकदमच टेबलावर मांडले जात. टप्प्याटप्प्याने वाढण्याची पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकात रुजली आणि ती रशियन पद्धत म्हणूनच ओळखली गेली. ती नोकरचाकर असलेल्या घरांत वाढली. अशा रीतीने जेवण देता येत नाही म्हणून दादरच्या किंवा डोंबिवलीच्या कुटुंबाने मान खाली घालण्याचं काहीच कारण नाही.

मराठी ताटात टप्पे आहेत, आणि बशी न बदलता आहेत. आधी मीठ, लिंबू. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, पंचामृत. उजवीकडे भाजी, आमटी किंवा अळूचं फतफतं. मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. वरणभात झाला की पोळी. मग मसाले भात, वर ओलं खोबरं-कोथिंबीर. मग गोड. शेवटी ताकभात किंवा मठ्ठा. हे चांगले पाच टप्पे झाले. पण या रचनेची खरी हुशारी वेगळ्याच ठिकाणी आहे. या यादीतलं काय काय गरम लागतं, ते मोजून पाहावं. वरण, साधा भात, मसाले भात आणि फतफतं. बाकी सगळं थंड किंवा कोमट चालतं, आणि त्यातले कितीतरी पदार्थ आदल्या दिवशी केलेले जास्त चांगले लागतात. तीळ, दाण्याचं कूट, चिंच-गूळ आणि मिरच्यांचं पंचामृत मुरल्याशिवाय पंचामृत वाटतच नाही. श्रीखंडाला रात्र लागतेच. डाव्या बाजूचा एकही पदार्थ पंगत बसल्यावर शेगडी मागत नाही. एवढ्या मोठ्या जेवणातले मोजकेच पदार्थ ऐनवेळी आच मागतात, म्हणून हे जेवण एका चुलीच्या घरातही होत आलं.

आता बारा माणसं आणि दोन शेगड्या हे गणित खरोखर मांडू. शनिवारी रात्रीचं जेवण धरलं, तर गुरुवारी रात्री तीनेक लिटर दुधाचं दही पंचात टांगायचं. शुक्रवारी त्याचा किलोभर चक्का होतो. त्यात पाऊण किलोच्या आसपास साखर मिसळून ठेवायची आणि संध्याकाळी पुरणयंत्रातून काढून फ्रिजमध्ये टाकायचं. पाडव्याच्या सुमारास तर चक्का तयारच मिळतो. शुक्रवारीच नारळ खवणं, दाणे भाजून कूट करणं, पंचामृत आणि कोथिंबीरवडीचे उंडे वाफवणं उरकतं. शनिवारी सकाळी अळू शिजवून फतफतं तयार करायचं, निवलं की फ्रिजमध्ये ठेवायचं आणि संध्याकाळी खळखळून उकळायचं. दुपारी भाज्या चिरून ठेवायच्या, मठ्ठा घुसळायचा. साडेपाचला सुकी भाजी आणि परतलेल्या वड्या. साडेसहाला एका शेगडीवर पाऊण किलो तांदळाचा मसाले भात. तो झाला की पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून बाजूला. सात वाजता दुसऱ्या शेगडीवर साडेसात लिटरच्या कुकरमध्ये खाली पाव किलो तुरीची डाळ आणि वर अर्धा किलो तांदूळ. वरण घोटून झालं की कुकरची जागा फतफत्याला. आठला पाहुणे येतात तेव्हा शेगड्या बंद असतात आणि ओटा पुसलेला असतो.

पुऱ्या या यादीत मुद्दाम घेतलेल्या नाहीत. माणशी पाच धरल्या तर साठ पुऱ्या होतात, आणि त्या गरमच हव्यात असा आग्रह असतो. लहान स्वयंपाकघरात तेवढा वेळ कढई तापत राहिली की धूर हॉलपर्यंत येतो आणि तळणारं माणूस पंगतीला मुकतं. श्रीखंड पोळीशीही उत्तम लागतं. पोळ्यांचाही हिशेब करावा: माणशी तीन म्हणजे छत्तीस, एकेका पोळीला लाटण्या-भाजण्याची दोन मिनिटं धरली तर बहात्तर मिनिटं सलग उभं राहणं आलं. त्या पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात. त्यात कमीपणा कसला? चांगल्या हाताच्या बाईला त्याचे पैसे मिळतात आणि घरातल्या माणसाचे पाय वाचतात. मुगाच्या डाळीची काकडीची कोशिंबीर विकत आणण्यात मात्र अर्थ नाही. तिची सगळी लज्जत वरून ओतलेल्या फोडणीत असते आणि ती फोडणी पाहुण्यांच्या कानांवर पडायला हवी.

मांसाहारी घरांतही हा विचार तसाच चालतो. कोल्हापुरी ताटाचंच पाहावं. मटण एकदाच शिजवायचं. त्याच्या अळणी पाण्यातून तांबडा रस्सा होतो, त्याच पाण्यातून पांढरा होतो, तुकड्यांचं सुकं होतं. एका कुकरातून ताटात तीन वेगळे पदार्थ येतात. कोकण-गोव्याकडच्या घरात माशाचं हुमण आधी करून ठेवलेलं चालतं आणि सोलकढीला आचच लागत नाही. अडचण येते ती फक्त बारा माणसांसाठी तुकड्या तळण्याची, आणि तिला पुऱ्यांचाच न्याय लावावा.

लहान घरात खरी टंचाई ओट्याची नसतेच, ती फ्रिजची आणि मोरीची असते. जागेचा बाऊ करणारे नेमकं याच दोन गोष्टींबद्दल गप्प असतात. शिजलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. भाताच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि उलट्या घडवणारं त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून सकाळी भात करून संध्याकाळी वाढण्याची युक्ती वापरू नये, मग ओटा कितीही लहान असो. आणि म्हणूनच श्रीखंडाचं पातेलं, मठ्ठा, फतफतं, चटण्या यांना एका घरचा फ्रिज पुरत नाही.

इथे पाहुणे शेजारी आहेत ही गोष्ट कामी येते. सल्ले देणारे पाहुण्यांना दुरून येणारे परके धरून चालतात. समोरच्या दाराआडचा फ्रिज दहा पावलांवर आहे, त्यांच्याकडे साडेसात लिटरचा कुकर आहे, खालच्या मजल्यावर दोन सतरंज्या आहेत. चाळीत पातेली आणि पाट एका घरातून दुसऱ्या घरात जात तेव्हा कुणी त्याला मदत मागणं म्हणत नसे. श्रीखंड कुणाच्या फ्रिजमध्ये राहिलं, तर ते त्या घराचंही होतं. अंगतपंगत हा वेगळा आणि छान प्रकार आहे, प्रत्येकाने आपापलं आणायचं आणि एकत्र बसायचं. पण ज्याला आपल्या घरचं जेवण द्यायचं आहे, त्याला शेजाऱ्याचा फ्रिज मागायला संकोच वाटू नये.

मोरीचं दुखणं ताटांनी येतं. बारा ताटं, प्रत्येकी तीन वाट्या, एकेक पेला: साठ भांडी, शिवाय पातेली. केळीची पानं किंवा पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आणले की यातले जवळजवळ फक्त पेले उरतात. 2018 पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटांवर बंदी आहे. तेव्हा पान हा शोभेचा हट्ट राहिलेला नाही, तो सरळ मार्ग आहे.

बसायचं कुठे, हेही विचारलं जातं. दहा बाय बाराच्या हॉलमधून टेबल बाहेर काढलं, तर बारा फुटांच्या दोन्ही भिंतींशी माणशी दोन फूट धरून सहा-सहा जण बसतात. पानासकट प्रत्येक ओळीला तीन फूट गेले तरी मध्ये वाढायला चार फूट राहतात. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी सोफ्यासमोर दोन स्टूल.

आता तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप. तो असा की हे सगळं शेवटी घरातल्या बाईच्या अंगावर पडतं, आणि साग्रसंगीत जेवणाचं कौतुक म्हणजे तिच्या राबण्याचं कौतुक. हे म्हणणाऱ्यांच्या हाती पुरावा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत, ज्या स्त्रिया घरकाम करतात त्यांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा 97. त्याहून बोलका आकडा म्हणजे स्त्रियांपैकी 81.2 टक्के घरकामात हात घालत होत्या आणि पुरुषांपैकी फक्त 26.1 टक्के. जुन्या पंगतीही निर्दोष नव्हत्या. पुरुष आधी जेवून उठायचे, मुलं जेवायची, आणि ज्यांनी रांधलं त्या बायका साडेतीन वाजता थंड मसाले भात खायच्या. त्या पंगतीबद्दल हळवं होण्यासारखं काही नाही.

पण यावर बाहेरून मागवणं हा उपाय कसा ठरतो? त्याने एका रात्रीचे तास वाचतात, घरातली वाटणी तशीच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे कोण करतं, हा प्रश्न जिथल्या तिथे. उलट असं जेवण आखताना वाटणी उघड्यावर येते, कागदावर लिहिता येते. वर दिलेलं वेळापत्रक पुन्हा वाचावं: दही टांगणं, नारळ खवणं, दाणे भाजणं, चक्का पुरणयंत्रातून काढणं, भाजी चिरणं, पोळ्या आणणं, पानं आणणं, सतरंज्या घालणं, वाढणं, पेले विसळणं. यातल्या एकाही कामाला पिढीजात हातखंडा लागत नाही. ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकात कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याची मापं दिली, तेव्हाच अंदाजाचं गूढ संपलं, ज्याला वाटीने मोजता येतं त्याला आमटी करता येते. मग घरातल्या पुरुषाला आणि सोळा वर्षांच्या मुलाला ती यावी, यात अडचण कोणती? वाढपाचं काम तर परंपरेने पुरुषांनी केलेलंच आहे, लग्नाकार्यात उपरणं कमरेला बांधून. तेच घरी करावं. एका अटीवर मात्र माघार नको: पान सगळ्यांचं एकदम मांडलं जाईल. रांधणारी व्यक्ती पहिल्याच पंगतीला बसेल. जो पदार्थ तिला उठायला लावतो, तो यादीतून जाईल. पुऱ्या गेल्या त्या याच कारणाने.

बाहेरच्या जेवणाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ते नेहमी ‘सोपं’ म्हणून पुढे केलं जातं. डबे सगळे एकाच वेळी येतात, एकाच कोमट तापमानाला. शिवाय मागवणाऱ्याला पंजाबी की चायनीज एवढंच निवडता येतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका मधुमेही आहेत, समोरचं कुटुंब जैन आहे, वरच्या आजींचे दात गेले आहेत, हे हॉटेलला कसं कळणार? घरच्या ताटात ही सोय मुळातच आहे. सणावाराच्या नैवेद्याच्या जेवणात कांदा-लसूण नसतोच, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांचा प्रश्न न विचारताच सुटतो. जैन शेजाऱ्यांसाठी बटाट्याऐवजी तोंडली किंवा फ्लॉवर-मटार करावा आणि फतफत्यातून मुळा वगळावा. अळूची पानं ते कुटुंब खातं का, एवढं मात्र आधी विचारून घ्यावं. आजींना वरणभात-तूप आणि मऊ फतफतं. काकांना श्रीखंडाची वाटी अर्धी, कोशिंबीर दुप्पट.

आणि कधी? यासाठी आतल्या दारामागचं कालनिर्णय काढावं. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार टाळावेत. इमारतीत जैन कुटुंब असेल तर पर्युषण पाहावं, रमजानचा महिना असेल तर वेळ इफ्तारनंतरची ठेवावी किंवा ईद होऊ द्यावी. शनिवार बरा, कारण रविवार भांडी परत करायला मिळतो. आमंत्रण फोनवर न देता दारात जाऊन द्यावं, आणि त्याच वेळी सांगून टाकावं की शुक्रवारी रात्री श्रीखंडाचं पातेलं तुमच्या फ्रिजमध्ये ठेवायला घेऊन येतो.